फॅटी लिव्हर आणि ऑपरेशन

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असं लिहून येतं आणि आपण तो फाइलीत घालून मोकळे होतो. "आजकाल सगळ्यांनाच असतं जी!" असतं, कबूल. पण लिव्हरच्याच ऑपरेशनची वेळ आली, तर तो कागद सगळ्यात आधी काढा.

लिव्हर कापलं तरी पुन्हा वाढतं, हे तुम्ही ऐकलं असेल. निरोगी लिव्हर पाव हिस्सा उरलं तरी बहुधा निभावून नेतं. चरबी साचलेली असेल, तर ३० टक्के किंवा त्याहून जास्त मागे ठेवावं लागतं.

असं का? दिवाळीच्या आठवड्यातला आपल्या नागपुरातला बर्डीचा मेन रोड आठवा. दुकानं पुढे सरकलेली, त्यांच्यापुढे हातगाड्या, चालायला वीतभर जागा. चरबीने फुगलेल्या पेशी रक्ताच्या बारीक वाटा अशाच दाबून टाकतात. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आवरायला सर्जन लिव्हरचा रक्तपुरवठा बरेचदा काही मिनिटं थांबवतात. तो पुन्हा सोडला की अशा गल्लीत चेंगराचेंगरी होते, पेशी मरतात. आणि पाडलेलं दुकान पुन्हा बांधायचं, तर विटा-रेतीही त्याच गल्लीतून यायची ना? म्हणून लिव्हरची वाढ रेंगाळते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, दवाखान्यातला मुक्काम लांबतो. मी दारूला शिवत नाही, असं म्हणून सुटका नाही. साखर, तळण आणि बैठं काम पुरेसं आहे.

पण ही गर्दी हटवता येते! नातेवाइकाला लिव्हर देणाऱ्याच्या लिव्हरमध्ये ३० टक्क्यांवर चरबी निघाली, तर डॉक्टर सहसा थांबवतात. काही आठवडे पथ्य आणि चालणं झालं, की त्यांतले अनेक जण पुन्हा तपासणीत पास होतात. वजन ७ ते १० टक्के उतरलं, तरी लिव्हर बरंच हलकं होतं. मात्र मनाने उपास धरू नका. आणि ऑपरेशन कॅन्सरचं असेल, तर पथ्यासाठी तारीख पुढे ढकला म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. केमोथेरपीच्या काही औषधांनीही चरबी साचते.

पुन्हा सांगते, जुना रिपोर्ट दाखवा आणि सर्जनला दोनच प्रश्न विचारा: चरबी किती आहे? मागे लिव्हर किती उरेल? आणि टेकडीच्या गणपतीला गाडीवरून जाणाऱ्यांनो, उद्यापासून पायी जा!