आधी ताई, मग इमारत
(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज ठरवायचे आहे ते एवढेच : जमलेल्या देणगीतून वसतिगृहाची नवी इमारत बांधायची, की पारधी वस्त्यांवर शिकवणाऱ्या दोन ताईंचे मानधन पुढे चालू ठेवायचे? मत देण्याआधी वसईविषयी थोडे ऐका.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मित्र पाठीवर पिशव्या टाकून वसईच्या किल्ल्यात दिवसभर हिंडलो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे फ्रान्सिस्कन, जेज्विट, डॉमिनिकन अशा धर्मसंघांनी तटाच्या आत मोठमोठी चर्च आणि मठ उभारले. आज त्यांतल्या बहुतेकांवर छपरे नाहीत. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा तेवढ्या दिसतात. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. राज्याच्या आधाराने उभे राहिलेले वैभव राज्याबरोबर गेले.

तटाबाहेरच्या गावांत मात्र मंडळी आजही उपासनेला जमते. सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी बोली ऐकू येते. त्याच मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले. २०२० मध्ये आपल्या शेजारी उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. दगड ढासळले, माणसे आणि त्यांची बोली टिकली.

आता आपल्याकडे पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून नाही. पारधी मूल घरी गुजरातीला जवळची बोली बोलते. शाळेतली मराठी त्याला परकी वाटते. त्यात आईबाप ऊसतोडीला निघाले की मूलही गाडीत बसते आणि शाळा सुटते. आपल्या ताई वस्तीवरच्याच. त्या मुलांशी त्यांच्या बोलीत बोलतात, आजीला समजावून मुलांना मागे ठेवून घेतात.

इमारत नको, असे मी म्हणत नाही. मुलींच्या खोलीचे पत्रे गळतात, ते पावसाळ्याआधी बदललेच पाहिजेत. पण ताई वर्षभर थांबल्या, तर नव्या वसतिगृहात आणायला मुले कुठून मिळणार?

म्हणून माझी सूचना अशी : यंदा पत्रे बदलावेत, दोन्ही ताईंचे मानधन आधी बाजूला काढावे आणि बांधकाम पुढच्या वर्षी विचारात घ्यावे. यंदा भिंतीवर नावाची पाटी लागणार नाही, हे देणगीदारांना मी स्वतः भेटून सांगेन.