कोलारच्या खाणी आणि खाणकामगार

बंगळूरहून कोलार गोल्ड फील्ड्सची सहल एका दिवसात होते. बंद खाणींचे सांगाडे आणि सायनाइडमिश्रित मातीच्या टेकड्या सारेच पाहतात. कामगारांचा इतिहास मात्र विचारावा लागतो. १८८० पासून जॉन टेलर कंपनीने येथील सोने उपसले. खाणीत उतरणारे बहुसंख्य कामगार तमिळ दलित होते. १९३० साली कंपनीने त्यांच्यावर अंगठ्याच्या ठशांची सक्ती केली. गुन्हेगारांसारखी नोंद नाकारून त्यांनी २१ दिवस संप केला आणि कंपनीला माघार घ्यावयास लावली. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. २००१ मध्ये खाणी बंद पडल्या. आपण ज्या रेल्वेने तेथे जातो, त्याच मार्गाने त्या कामगारांचे वारस पहाटे रोजगारासाठी बंगळूर गाठतात. खाण मिटली, संघटनेची गरज मिटलेली नाही.