गर्भाशयमुखाचा कर्करोग : वेळेवरची तपासणी
गर्भाशयमुखाचा कर्करोग दबा धरून वाढतो. प्रारंभीं वेदना नसते. म्हणूनच गृहिणी ‘मला काय झालें आहे?’ असें म्हणून तपासणी टाळते. १९९८ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारें १,५०,००० स्त्रियांत एक प्रयोग आरंभिला. त्यांतील निम्म्यांची दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां तपासणी झाली. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखास शिरक्यांतील सौम्य आम्ल लावीत. विकृत भाग मिनिटभरांत पांढरा दिसे. या गटांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनीं घटले. यास्तव तिशी ओलांडलेल्या स्त्रीनें दुखण्याची वाट न पाहतां तपासून घ्यावें. संकोच क्षणाचा, दुर्लक्षाची किंमत मात्र साऱ्या घराला मोजावी लागते.