पहिली धार

(स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, वीकेंडची सहल आणि खाणं. हलकंफुलकं बोल, दहा मिनिटं बोल, पुढे जेवण आहे, असं बजावलंही होतं. सहल सांगते, खाणंही सांगते. पण आम्ही गेलो होतो व्हिस्कीच्या कारखान्यात, त्यामुळे विज्ञानाच्या बाईंची आधीच माफी मागते. बाई, तुम्ही आम्हाला किण्वन शिकवलंत तेव्हा ग्लुकोजपासून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड एवढं समीकरण फळ्यावर लिहिलंत आणि मागे न वळता म्हणालात, "चला, पुढचा मुद्दा." मागच्या बाकांवर जे हसले होते ते आज इथे पुढच्या रांगेत बसलेत. त्या समीकरणाचं पुढे काय होतं, ते मला तीस वर्षांनी कळलं.

यंदा मार्चमध्ये आपल्या बॅचच्या तिघी गोव्याला गेलो. उरलेल्या दोघींची नावं जाहीर करायची नाहीत असं ठरलंय, म्हणून हजेरीपटावरच्या नंबरांनी सांगते. अठरा नंबरची पॅथॉलॉजी लॅब आहे. एकतीस नंबर चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत परचेसला आहे, आणि तिला व्हिस्कीतलं कळतं. सगळं बुकिंग झालं आणि निघायच्या दोन दिवस आधी आप्पांच्या सोबतीला राहणाऱ्या मावशींचा फोन आला की जमणार नाही. आई जाऊन चार वर्षं झाली. शहात्तर वर्षांच्या माणसाला तीन दिवस एकटं सोडायला जीव धजेना. मी माझं तिकीट रद्द करायला निघाले, तर एकतीस म्हणाली, "आप्पांनाच घेऊन चल की. फर्मेंटेशनचा माणूस आहे."

आपल्यातल्या निम्म्यांचे वडील एचएत होते, त्यांना सांगायला नको. पण मुलंबाळं आलीत, त्यांच्यासाठी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पिंपरीची कंपनी १९५४ ची. देशातला औषधांचा पहिला सरकारी कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला. १९५५ पासून तिथे पेनिसिलीन बनायला लागलं. तुमच्या आजी-आजोबांपैकी किती जण त्या इंजेक्शनांमुळे वाचले असतील ते एकदा घरी विचारा. आप्पा तिथे फर्मेंटेशन विभागात चौतीस वर्षं होते. पाळी संपवून घरी आले की त्यांच्या शर्टाला ओलसर, मातकट वास यायचा. मला तो बरेच दिवस वडिलांचाच वास वाटायचा.

आता याच आप्पांच्या घरात दारू हा शब्दसुद्धा चालत नव्हता. माझ्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी कार्यालयाच्या पार्किंगमध्ये काहीतरी मांडलं होतं, तर आप्पा स्वतः जाऊन त्यांना रस्त्यापलीकडे सोडून आले. त्यामुळे मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "कारखाना आहे ना? मग बघायला काय हरकत आहे. प्यायचं नाही."

शुक्रवारी पुण्याहून गोवा एक्सप्रेस धरली, शनिवारी सकाळी मडगाव. पहिलं खाणं पोदेराच्या पावाचं. पोदेर म्हणजे पाववाला, सायकलवर मोठी टोपली आणि भोंगा. हा पाव पूर्वी यीस्टऐवजी माडाच्या सुरेने आंबवत. आप्पांनी पाव फोडला, आतली जाळी उजेडात धरून बघितली आणि "चांगला फुगलाय" असा शेरा दिला. दुपारी एका साध्या खाणावळीत जेवलो. उकड्या तांदळाचा भात, सुंगटाचं हुमण, सुक्या बांगड्याची किसमूर, तिसऱ्या, सोलकढी. आप्पा खेड तालुक्याचे. मटण-भाकरीचा माणूस, काट्यांशी त्यांचं जमेना. पण शेवटी मागवलेलं खतखतं त्यांनी दोनदा घेतलं. दहा-बारा भाज्या, तूरडाळ, ओलं खोबरं आणि वर तिरफळ. तिरफळ चावलं गेलं आणि जीभ झिणझिणली, तशी म्हणाले, "यात काय घातलंय, अ‍ॅनेस्थेशिया?" अठरा नंबर जी हसत सुटली ती कुंकळ्ळीपर्यंत.

कुंकळ्ळी मडगावच्या दक्षिणेला. १५८३ साली इथल्या गावकऱ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला होता, ते हे गाव. तिथे बंगळुरूच्या जॉन डिस्टिलरीजचा कारखाना आहे, पॉल जॉन सिंगल माल्टचा. आपल्याकडे दुकानात व्हिस्की म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर बेतलेलं असतं. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकताही येत नाही, तिथे ती धान्याचीच लागते. आपल्याकडून सिंगल माल्ट घेऊन बाहेर गेले ते पहिले बंगळुरूचे अमृतवाले जगदाळे, २००४ साली, आणि तेही थेट स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला. पॉल जॉन २०१२ साली आधी लंडनमध्ये आली. परदेशात पास होऊन मग घरी दाखवायचं, ही आपली सॉफ्टवेअरवाल्यांचीही रीत आहे, त्यामुळे मला हसायचा अधिकार नाही.

माहिती सांगायला एक तरुण मुलगा होता. बार्ली भिजवून मोड आणायचे, वाळवायची, दळायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची, यीस्ट घालून अडीच-तीन दिवस आंबवायचं. इथपर्यंत तो पाठ केलेलं बोलत होता. मग आप्पांनी विचारलं, "कंटॅमिनेशन झालं तर?"

त्याने सांगितलं की इथे सगळं निर्जंतुक ठेवत नाहीत. थोडे बाहेरचे जिवाणू आले तर चालतात, शेवटी शेवटी ते जे काम करतात त्याने चवीत भर पडते.

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चौतीस वर्षं या माणसाने वाफेने टाक्या निर्जंतुक केल्या होत्या. पेनिसिलीनच्या बुरशीला सतत हवा लागते, ढवळणं लागतं, आणि ती हवाही गाळून, जंतुविरहित करून सोडावी लागते. एक परका जिवाणू शिरला तर तो तयार झालेलं पेनिसिलीनच मोडून टाकतो आणि अख्खी टाकी गटारात सोडावी लागते. रात्रपाळीत नमुन्याच्या वासावरून आप्पांना कळायचं, काहीतरी बिनसलंय. आणि इथे पाहुणे म्हणून जिवाणू बोलावतात! "यीस्टला दारू करताना हवा नको असते, आमच्या बुरशीला हवाच हवी," ते मला सांगायला लागले, आणि आमच्या मागून चालणारी दोन कुटुंबं त्यांच्याभोवती गोळा झाली. गाइड बिचारा बाजूला उभा राहून ऐकत होता.

मग तांब्याची भांडी आली. व्हिस्की दोनदा उकळतात. दुसऱ्या वेळी जे बाहेर येतं त्याचे तीन भाग करतात. पहिल्या भागात अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखे लवकर उडणारे, उग्र पदार्थ असतात, शेवटच्यात जड आणि कडवट. फक्त मधला पिंपात भरतात. गाइड हिंदीत बोलत होता, पण आमची भाषा ऐकून तेवढं एक वाक्य त्याने मराठीत टाकलं, "पहिली धार आम्ही घेत नाही."

आप्पांनी विचारलं, "फेकता?"

"नाही, पुढच्या भट्टीत परत घालतो. बाटलीत जाऊ देत नाही."

त्यानंतर आप्पा काही बोलले नाहीत. पिंपांच्या गोदामात गाइडने सांगितलं की स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात आठाच्या आसपास, आणि त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. एरवी आप्पांनी लगेच तोंडी हिशेब केला असता. तो मी केला, पाच वर्षांत तिसरा हिस्सा हवेत. त्यांनी नुसती मान हलवली.

शेवटी चव घ्यायची खोली. चार ग्लास समोर येतात, आधी वास, मग घोट. एकतीस नंबरने आम्हाला ग्लास कसा धरायचा ते शिकवलं. मी चारही चाखले, बाई, आता लपवत नाही. पहिली मधासारखी लागली, शेवटची धुराची, म्हणजे मोड आलेली बार्ली पीट जाळून त्याच्या धुरावर वाळवतात तिची. आप्पांनी आपले चारही ग्लास नाकाशी नेले, परत खाली ठेवले. पहिल्याला म्हणाले "पिकलेलं केळं", चौथ्याला "होळीची दुसऱ्या दिवशीची राख". गाइडने विचारलं, "साहेब, आपण याच लाइनमधले का?" आप्पा म्हणाले, "शेजारच्या."

रविवारी सकाळी काजूच्या भट्टीवर गेलो. मार्च म्हणजे काजूचा हंगाम. बोंडं तुडवून रस काढतात, तो आपोआप आंबतो, मग लाकडाच्या जाळावर उकळतात. पहिल्यांदा काढलेला तो हुर्राक, हलका. परत गाळला की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मला ते सगळं फार आवडलं, तो धूर, ती झाडं, ती तुडवलेली पिवळी-लाल बोंडं. आप्पा मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. काचा वर करून बसले. उकाड्यात तसे का बसलेत ते मला कळलं नाही, मला वाटलं दमले.

परतीच्या गाडीत, घाट उजेडात लागतो. दूधसागरला मार्चमध्ये पाणी रोडावलेलं असतं, तरी सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांना लागला होता. आमच्या बाजूला कोणी नव्हतं. तेव्हा आप्पा बोलले.

माझे थोरले काका १९८७ मध्ये गेले. मी आठ वर्षांची होते. घरात सांगितलं गेलं, काविळीने गेले. काका गावी शेती करायचे, कांदा चाकणच्या बाजारात न्यायचे. पट्टी हातात पडली की परतीच्या वाटेवर ओढ्याकाठी हातभट्टी होती. आप्पा म्हणाले, "कालच्या पोराने पहिली धार म्हटलं ना, दादा तेच मागायचा. पहिल्या धारेची दे म्हणून भांडायचा. जास्त पैसे मोजायचा. जे हे लोक बाटलीत जाऊ देत नाहीत ते."

मी म्हटलं, म्हणजे त्यात विष होतं? मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली, तसं?

"नाही. मालवणीला मिथेनॉल होतं, ते वेगळं. शुद्ध प्यायला असता तरी दादा गेलाच असता, रोज तेवढी पिऊन. लिव्हर गेलं होतं." अठरा नंबर समोर बसली होती, तिने हळूच मान डोलावली.

मग जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगते. "एकदा मी त्याला भट्टीवरून ओढून आणत होतो. तो मला म्हणाला, तू पिंपरीला काय करतोस? आंबवायचंच काम करतोस ना? सरकार तुला त्याचा पगार देतं, आणि मला शिव्या? मला उत्तर सुचलं नाही. गप्पच झालो. मला सगळं माहीत होतं, काय होतं, कशाने होतं, शरीरात जाऊन काय करतं. मी भावाला एकदाही बसवून सांगितलं नाही. मारलं दोनदा. समजावलं नाही. त्या भट्टीवरचा वास तोच होता."

सोमवारी पहाटे पुणे स्टेशनवरून लोकलने पिंपरीला उतरलो. आठ वाजता मी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले.

हे सगळं मी आप्पांना विचारून सांगतेय. भाषण त्यांनी वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्ती केली, दोन्ही तांत्रिक.

पितृपंधरवड्यात आम्ही गावी गेलो होतो. काकांचा नातू चोवीस वर्षांचा आहे, चाकणला कॉन्ट्रॅक्टवर लागलाय. पगाराच्या दिवशी उशिरा येतो अशी त्याच्या आईची तक्रार. पानं वाढून झाल्यावर कोणीतरी नेहमीसारखं म्हणालं, काविळीने गेले बिचारे. आप्पा म्हणाले, "दारूने गेला." पंगत गप्प झाली. जेवणानंतर त्यांनी त्या पोराला ओसरीवर बसवलं, पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर भट्टीचं चित्र काढलं, पहिली धार, मधली, शेवटची, शेजारी लिव्हर. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही, तासभर शिकवत होते. मी दारात उभी राहून ऐकत होते. पोराने शेवटी विचारलं, "आजोबा, तुम्ही मग तिथे चव घेतली का?"

आप्पा म्हणाले, "वास घेतला. चारही ग्लासांचा."