तोंडावरचे पांढरे केस

काळ्या लॅब्रेडॉरच्या हनुवटीवर पांढरे केस दिसले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "म्हातारा झाला हो आपला!" थांबा जरा. केसांना रंग देणाऱ्या पेशी वयानुसार कमी होतात हे खरं. सुरुवात बहुधा तोंडापासून, मग डोळ्यांभोवती. पण काही कुत्री ऐन तारुण्यातच पिकतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १ ते ४ वर्षांची ४०० कुत्री पाहिली गेली. भित्र्या, उतावळ्या कुत्र्यांची तोंडं जास्त पांढरी निघाली. काळजीनं केस पिकतात म्हणतात, ते असं!

म्हणून वय चालण्या-वागण्यावरून ओळखा. जिन्याशी घुटमळणं, उठताना पाय आखडणं, हाक ऐकू न येणं. ग्रेट डेनसारखं धिप्पाड कुत्रं सहा-सात वर्षांतच उतरणीला लागतं. पॉमेरेनियन मात्र दहाव्या वर्षीही सोफ्यावर उड्या मारतं. कुत्र्याचं वय सातानं गुणून माणसाचं वय काढायचा हिशेब सोडूनच द्या.

डोळ्यांत निळसर झाक आली म्हणजे मोतीबिंदूच असं नाही. वयानं भिंग घट्ट झालं तरी तसं दिसतं, आणि नजर बऱ्यापैकी शाबूत राहते. पण पाण्याचं भांडं वारंवार रिकामं होऊ लागलं, तर वयावर ढकलू नका. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो; पशुवैद्यांना दाखवा.