माहिती आली, पण काम अडले कुठे?

पावसाळ्यात आपल्या परभणी जिल्ह्यात सकाळचा पहिला प्रश्न असतो, 'तुमच्याकडं किती पडला?' पूर्वी कर्मचारी मापात पाणी ओतून आकडा लिहीत. २०१७ पासून राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. अशा यंत्राचे आकडे मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या संगणकावर पोहोचतात. आकडे आले की तिथला एक छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, आपोआप चालू होते, बेरीज करते आणि तक्ता भरते.

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या मंडळात रात्रभर पाऊस कोसळला. केंद्राने आकडे पाठवले. पण स्क्रिप्ट चाललीच नाही. अशा वेळी सगळे बंद करून पुन्हा सुरू करावेसे वाटते. काम कदाचित चालूही होते, पण दोषाचा माग पुसला जातो आणि पुढच्या पावसात तीच अडचण उभी राहते.

शेतात पाणी आले नाही, तर आपण विहीर, मोटार, पाइप असे क्रमाने पाहतो. इथेही तसेच करावे. आधी आकडे खरोखर पोहोचले का, ते पाहावे. कधी ते संगणकाच्या दारातच, फायरवॉलपाशी अडतात. पोहोचले असतील, तर आलेला मजकूर जसाच्या तसा जपून ठेवावा आणि त्याच्यावर स्क्रिप्ट हाताने चालवून पाहावी.

हाताने चालली, तर दोष बहुधा तिला जागे करणाऱ्या व्यवस्थेत असतो: फाइलचा पत्ता चुकलेला, नाहीतर परवानगी नसलेली. हातानेही चालली नाही, तर आलेला मजकूर तपासावा. जाळ्यातून संदेश एकसंध येईलच असे नाही. तो तुकड्यांनी येतो. पहिला तुकडा पूर्ण संदेश समजून वाचला, की स्क्रिप्ट अडखळते. कधी केंद्राकडून एखादा रकाना वाढतो, तारखेची मांडणी बदलते. म्हणून प्रत्येक टप्प्याची वेळेसह नोंद ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. आकडा मिळाला नाही म्हणून तक्त्यात शून्य भरू नये. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामी जागा म्हणजे आपल्याला माहीत नाही. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की अतिवृष्टी धरली जाते. पाण्याखाली गेलेल्या सोयाबीनचे पंचनामे आणि मदत यांत हा आकडा मोलाचा असतो. तिथे खोटे शून्य बसले, तर शेतकऱ्याने दाद कुठे मागायची? रकाना रिकामा दिसला, तर निदान कोणीतरी विचारील, 'इथला आकडा कुठे गेला?' आणि मूळ मजकूर जपलेला असेल, तर तो आकडा पुन्हा काढताही येईल.