दप्तरे सांभाळणारा मुलगा



कवायतीच्या तासाला अधू पायाच्या मुलाला आपण काय सांगतो? "तू बस, दप्तरे सांभाळ." मीही हेच सांगत आलो आहे, हे प्रथम कबूल करतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिक सुरू झाले. त्याच दिवशी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी चाकाच्या खुर्चीवरील १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. कण्याला इजा झालेल्या माणसाने खाटेवरच आयुष्य काढावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यातूनच पुढे १९६० साली रोमला पहिले पॅरालिंपिक भरले.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्रीसाठी मात्र २०१८ साल उजाडावे लागले.

पदक सर्वांनाच मिळणार नाही. परंतु मैदानावर जागा मिळणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. दप्तरे भिंतीशी ठेवता येतात. त्या मुलाच्या हाती चेंडू द्या. सुरुवात मी माझ्या वर्गापासून करतो. घरापासून तुम्ही करा.